होटगी रोडवरचा घरगुती समुद्र

मृत्युंजय बिज्जरगी सोलापूरच्या चिंचोळी एमआयडीसीतल्या एका टॉवेल कारखान्यात क्वालिटी सुपरवायझर आहे. तयार टॉवेल उजेडात धरायचा, त्यातला सुटलेला धागा शोधायचा आणि ज्याच्या यंत्रमागावर तो टॉवेल निघाला त्याला बोलावून चारचौघांत दाखवायचा, एवढं त्याचं काम. बरीच वर्षं हे केल्यामुळे लग्नाच्या पंगतीत बसला तरी त्याला आधी मीठ वाढणाऱ्याचा हात चुकलेला दिसतो. दुसऱ्याची चूक त्याला लांबून दिसते. स्वतःची दिसायला मात्र घोट्याएवढ्या पाण्यात उभं राहावं लागतं, आणि तेही एकदा उभं राहून भागत नाही. मी होटगी रोडवर त्याच्याच बिल्डिंगमध्ये त्याच्या वरच्या मजल्यावर राहतो. पाणी वर चढत नसल्यामुळे माझं काही भिजलं नाही, म्हणून ही हकीकत शांतपणे सांगू शकतो.

सुरुवात पुण्यात झाली. बायकोला, म्हणजे रेश्माला, दाढेच्या उपचारासाठी तो एका मोठ्या दवाखान्यात घेऊन गेला होता. तिथं बसायच्या खोलीत खाऱ्या पाण्याची मोठी काचेची टाकी होती. नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेले मासे, दगडावर डुलणारी फुलासारखी जनावरं, निळा उजेड. रेश्मा आत दाढ काढून घेत होती तेव्हा हा बाहेर टाकीच्या काचेला नाक लावून उभा होता. ती गाल धरून बाहेर आली, तर हा म्हणाला, "बघ, हे आपल्या हॉलमध्ये बसतंय."

तोंडात कापूस असल्यामुळे तिला नाही म्हणता आलं नाही. त्याने तो होकार धरला.

आता सोलापुरात नळाला पाणी चार-पाच दिवसांनी येतं, हे इथल्या शेंबड्या पोरालाही माहीत आहे. पाण्याच्या दिवशी माणसं रजा टाकतात, पाहुण्यांना येऊ नका म्हणून कळवतात, घरातली झाडून सगळी भांडी भरून ठेवतात. अशा गावात याने समुद्र पाळायचं ठरवलं. घरात आधी एक साधी टाकी होती, तीत दोन गोल्डफिश होते. ते त्याने मला देऊन टाकले. "गोड्या पाण्यातले मासे कुणीबी पाळतंय ओ," असं म्हणाला. ते मासे अजून माझ्याकडे आहेत आणि बरे आहेत.

मोठी टाकी बनवून घेणं सोपं होतं. पण खाऱ्या पाण्याच्या टाकीला खाली दुसरी टाकी लागते, तिला संप म्हणतात. वरच्या टाकीतलं पाणी काठाशी असलेल्या भोकातून पाइपने खाली या संपात उतरतं. तिथं ते गाळलं जातं, त्यातली घाण निघते, आणि मग पंप ते पुन्हा वर चढवतो. चोवीस तास हे फिरणं चालू राहतं. ही बातमी त्याने घरात जेवताना दिली.

"मी घरात संप करणार आहे," तो म्हणाला.

त्याची आई पारूबाई अक्कलकोट तालुक्यातल्या एका खेड्यातली. मराठी बोलते, पण मधेच कन्नड येतं. तिचा नवरा जुन्या कापडगिरणीत होता आणि गिरणीचा संप तिने डोळ्यांनी पाहिला होता. तिचा हात ताटातच थांबला.

"बेडा, तम्मा," ती म्हणाली. "संप नगं करू. तुझ्या बापानं केला हुता. परत कामावर कुणी घेतलं न्हाय."

"तसला संप नव्हे, आई. पाण्याचा."

"पाण्यासाठी मोर्चा काढतेत. संप करून पाणी येतंय व्हय?"

त्याने तिला कागदावर चित्र काढून दाखवलं. तिने चित्र बघितलं आणि पाणी खाली जाऊन वर येणार असेल तर मुळात खाली का सोडायचं, असं विचारलं. प्लंबर मायाप्पानेही पुढे नेमकं हेच विचारलं. मृत्युंजयने दोघांनाही "तुम्हाला नाही कळायचं" हे एकच उत्तर दिलं.

डिझाइन त्याने स्वतः केलं. मोबाइलवर एका अमेरिकन माणसाचे व्हिडिओ लावायचा आणि मधेच थांबवून त्या माणसाच्या चुका रेश्माला सांगायचा. अमेरिकन म्हणायचा की संपात पाणी निम्म्याच्या थोडं वर ठेवा, वरची जागा रिकामी सोडा. मृत्युंजय म्हणायचा, "त्यांच्याकडं पाणी मुबलक आहे, म्हणून जागा वाया घालवायला परवडतंय." मासे विकणाऱ्या दुकानदाराने त्याला संपासाठी साधा निळा प्लास्टिकचा बॅरल वापरायला सुचवलं होतं. सोलापुरात प्रत्येक घरात असा बॅरल असतोच. त्यामुळेच तो त्याला नको होता. त्याला काचेचा, आत काचेच्या भिंती घालून कप्पे केलेला, बाहेरून सगळं दिसणारा संप हवा होता. निम्मी टाकी रिकामी दिसली तर लोक काम अर्धवट राहिलं म्हणतील, ही त्याची खरी काळजी होती.

मायाप्पा कामाला आला तेव्हा दोघांची जोडी छान जमली, कारण दोघांनाही दुसऱ्याचं ऐकायची सवय नव्हती. मायाप्पाने आयुष्यभर बाथरूमच केल्या होत्या, म्हणून त्याने समुद्रही बाथरूमसारखा केला. वर चढणाऱ्या पाइपचं तोंड त्याने टाकीत पार तळापर्यंत नेलं.

"इतकं खाली कशाला?" रेश्माने चहा देताना विचारलं.

"वैनी, वरनं पाणी पडलं की आवाज येतंय," मायाप्पा म्हणाला. "पाहुणेरावळे बसल्यावर बाथरूम चालू असल्यागत वाटतंय."

मृत्युंजयला हे फार पटलं. "करेक्ट," तो म्हणाला. पाइप बंद करायची चावी मायाप्पाने स्टँडच्या मागे, भिंतीच्या बाजूला बसवली, कारण पुढून ती दिसायला बरी नव्हती. पंपाचा एक्स्टेन्शन बोर्ड संपाच्या शेजारी फरशीवर राहिला. कारखान्यात कामगाराने असा बोर्ड जमिनीवर ठेवला असता तर मृत्युंजयने त्याला मेमो दिला असता.

फिल्टरचं पाणी साठवून साठवून, त्यात पुड्यातलं समुद्री मीठ ढवळून, शेवटी टाकी भरली. संपही काठोकाठ भरला. पंप सुरू झाला, पाणी फिरू लागलं. मासे आले: पट्ट्यापट्ट्यांचे दोन नारिंगी, एक पिवळा, आणि एक लाल कोळंबी जी दगडाखालून क्वचितच बाहेर यायची. एका दगडावर फुलासारखं डुलणारं जनावर होतं, त्याला तो ॲनिमोन म्हणायचा आणि पारूबाई अनिमा म्हणायची. खरं सांगायचं तर ते सगळं देखणं होतं. मी संध्याकाळी खाली जाऊन बसायचो तेव्हा उठावंसं वाटायचं नाही.

त्याला तेवढ्यावर थांबता आलं असतं. पण त्याने उद्घाटन ठेवलं.

रविवारी दुपारी सगळी बिल्डिंग बोलावली. कारखान्यातले प्रॉडक्शन मॅनेजर प्रमुख पाहुणे. त्यांच्या हस्ते निळी फीत कापली, पेढे वाटले, मग मृत्युंजय हातात पट्टी घेऊन टाकीशेजारी उभा राहिला आणि समजावून सांगू लागला. मॅनेजर साहेब हुशार. त्यांनी सगळं ऐकून एकच विचारलं, "लाईट गेली तर?"

मृत्युंजय हसला. हा प्रश्न कुणीतरी विचारावा म्हणून तो कधीचा थांबला होता. "काही होत नाही, सर," म्हणाला. "पंप थांबतो, पाणी जागच्या जागी राहतं. दाखवतो."

आणि त्याने स्वतःच्या हाताने बटण बंद केलं.

पंप थांबला. पण पाणी जागच्या जागी राहिलं नाही. पाइपचं वरचं तोंड टाकीच्या तळाशी बुडालेलं होतं, त्यामुळे ज्या पाइपने पाणी वर चढत होतं त्याच पाइपने ते उलटं खाली येऊ लागलं. ड्रममधून नळीने रॉकेल काढतात, अगदी तसं. खालचा संप आधीच काठोकाठ. पाणी काचेवरून फरशीवर आलं तेव्हा एक-दोघांनी टाळ्या वाजवल्या, त्यांना वाटलं हा कार्यक्रमाचाच भाग आहे.

मृत्युंजय बटणाकडे धावला. त्याआधी पाणी बोर्डापर्यंत पोहोचलं. फट्‌ असा आवाज झाला आणि सगळ्या घराची वीज गेली. मग तो मागची चावी फिरवायला गेला, पण स्टँड आणि भिंत यांच्यात त्याचा हात जाईना. मग त्याने शर्टासकट खांद्यापर्यंत हात टाकीत घातला आणि पाइपचं तोंड तळव्याने दाबून धरलं. तसाच तो सगळ्यांकडे पाठ करून उभा राहिला.

"सर, चहा घ्या ना," तो काचेकडे बघत म्हणाला.

तळव्याने पाणी थोडंच थांबतं. ते हॉलमधून पॅसेजमध्ये आणि पॅसेजमधून जिन्यावर गेलं. नळाला पाणी दुसऱ्या दिवशी यायचं होतं, सगळ्यांच्या घरातली भांडी तळाला लागलेली. जिन्यावरून पाणी वाहताना दिसल्यावर गच्चीवरची टाकी फुटली असं कुणीतरी ओरडलं, आणि उद्घाटनाला आलेले निम्मे लोक पेढा तोंडात तसाच ठेवून बादल्या आणायला पळाले. पायरीपायरीवर घमेली, कळश्या, सुपल्या घेऊन बायका बसल्या. पुसत-पुसत, पिळत-पिळत त्यांनी बरंच पाणी गोळा केलं. ते खारं आहे हे पहिल्यांदा शिक्षिकाबाईंना कळलं, कारण त्यांनी त्यात डाळ भिजत घातली होती. एकाने ते कूलरमध्ये ओतलं. त्याच्या पंपाला गंज चढला, तो अजून मृत्युंजयशी बोलत नाही.

तळमजल्यावर जोतिराम राहतात. महापालिकेच्या पाणी खात्यातून निवृत्त झालेले, आयुष्यभर लोखंडी दांडा घेऊन वॉर्डावॉर्डाच्या चाव्या सोडायचं काम केलेले. उद्घाटनाला ते आले नव्हते, कारण त्यांनी नुकतंच हॉलला नक्षीचं पीओपी छत करून घेतलं होतं आणि त्याखाली बसून चहा पीत होते. थोड्या वेळाने ते बशी हातात घेऊन वर आले.

"मृत्युंजयराव, चहा खारट झालाय," ते म्हणाले.

कारखान्यातून आणलेले दुय्यम प्रतीचे टॉवेल घरात ढिगाने होते. मॅनेजर साहेबांनी पँट वर करून त्यातल्या एकाने पाय पुसले, टॉवेल नीट बघितला आणि म्हणाले, "पाणी चांगलं शोषतोय हा. रिजेक्ट का केला?"

पाणी शेवटी थांबलं, पण टाकी जवळजवळ रिकामी झाल्यावरच. तळाशी उरलेल्या थोड्या पाण्यात मासे आडवे होऊन कल्ले हलवत होते. रेश्माने जळालेला बोर्ड काढला, शेजारून वीज आणली, फरशीवरच्या बादल्यांतून उरलेलं मिठाचं पाणी गाळून टाकीत घातलं. मासे जगले. मृत्युंजयने त्या रात्री जेवताना सांगितलं की डिझाइन बरोबर होतं, बोर्डाची जागा तेवढी चुकली.

यावर रेश्माने भिजलेला टॉवेल त्याच्यासमोरच बादलीत पिळला, आणि ते त्याला जास्त लागलं असावं. कारण नंतर त्याने अमेरिकन माणसाचे व्हिडिओ पुन्हा लावले आणि पहिल्यांदाच मधे न थांबवता पाहिले. मग त्याने मायाप्पाला न बोलावता वर चढणारा पाइप कापला, तोंड पाण्याच्या वरच्या पातळीजवळ आणलं आणि पातळीच्या जरा खाली पाइपला एक बारीक भोक पाडलं. पंप थांबून पाणी थोडं खाली गेलं की भोकातून हवा आत शिरते आणि उलटं वाहणं तुटतं. संपातलं पाणी निम्म्यावर आणलं, आणि रेश्माची लाल नेलपॉलिश घेऊन काचेवर रेघ मारली. याच्या वर पाणी जाता कामा नये. बोर्ड भिंतीवर गेला. एवढं झाल्यावर बटण कितीही वेळा बंद केलं तरी काही होत नव्हतं. हे त्याने आम्हाला बोलावून दाखवलं. आम्ही दारातच उभं राहून पाहिलं.

पुढे उन्हाळा आला. सोलापूरचा उन्हाळा माशांना सोसत नाही. पाणी तापू लागलं, तसा त्याने हॉलमध्ये एसी बसवला आणि पंपासाठी इन्व्हर्टर आणला. लग्न झाल्यापासून रेश्मा एसीचं म्हणत होती. तिला दरवर्षी "सोलापूरच्या माणसाला उन्हाचं काय" हे उत्तर मिळालं होतं. माशांना असं कुणी विचारलं नाही. इन्व्हर्टरवर पंप होता, पारूबाईच्या खोलीतला पंखा नव्हता, म्हणून वीज गेली की ती पदराने वारा घेत दारात बसायची. शेवटी सगळं घर माशांच्या आश्रयाला हॉलमध्ये झोपू लागलं. रेश्माने मात्र टाकीला नावं ठेवणं बंद केलं. मासे मेले तर एसी जाईल, हे तिला नवऱ्याच्या आधी कळलं होतं.

आणि मग पाण्याच्या दिवशी घोळ झाला.

मृत्युंजय कारखान्यात, रेश्मा बँकेच्या कामाला गेलेली. पारूबाई घरी एकटी. नळ आला. तिने बॅरल भरला, हंडे भरले, कळश्या, बादल्या, कुकर, तोप, ताक घुसळायचं मडकं भरलं. पाणी अजून येतच होतं आणि भांडी संपली होती. मग तिला टाकीखालची काचेची पेटी दिसली. निम्मी रिकामी. लाल रेघ तिला नक्षी वाटली. तिने नळाची नळी ओढत आणली आणि पेटी काठापर्यंत भरली.

मृत्युंजय घरी आला तेव्हा माशांची हालचाल मंद झाली होती आणि दगडावरचं फूल मिटून पडलं होतं. त्याने खाली बघितलं. लाल रेघ पाण्याखाली बुडालेली.

"आई, यात पाणी कुणी घातलं?"

"मी घातलं की. निम्मी रिकामी हुती, तम्मा. पाणी गेलं असतं तर मग पुढच्या खेपंपत्तोर थेंब न्हाय."

"ती रिकामीच ठेवायची असते."

"रिकामं ठिवायला भांडं कोण करतंय?" पारूबाई म्हणाली. तिला खरंच कळलं नव्हतं.

आता जास्तीचं पाणी उपसून काढायचं आणि मिठाचं घालायचं, एवढंच करायचं होतं. पंप चालू होता तोवर सगळं काठावर का होईना, टिकून होतं. पण संपात हात घालण्याआधी पंप बंद करायचा, हा नियम त्यानेच केला होता. त्याने नियम पाळला. बटण बंद केलं.

वरच्या टाकीतलं पाणी खाली उतरलं. या वेळी थोडंच होतं, भोकाने आपलं काम चोख केलं. पण भरलेल्या पेटीला थोडंही जास्तच होतं.

जोतिराम वर आले ते रिकाम्या हाताने. बादल्या त्यांनी खाली योग्य जागी आधीच लावल्या होत्या. ते खुर्चीवर बसले, एसीचा वारा अंगावर घेतला आणि म्हणाले, "सबंध गावाला पाणी सोडलं मी. लोकांनी शिव्या दिल्या, पाया पडले, एकाने दगड मारला. पण माझ्यावर पाणी सोडणारे तुम्हीच पहिले."

"काका, छत मी करून देतो."

"छत राहू द्या. आधी तुमच्या आईंना आवरा."

खाऱ्यात गोडं पाणी शिरल्यामुळे कोळंबी मेली. दगडावरचं फूलही परत उमललं नाही. मासे तग धरून राहिले. मृत्युंजयने आईला समजावून पाहिलं, गोडीने, मग चिडून. पण पाण्याच्या दिवशी भरायचं राहिलेलं भांडं बघणं तिच्याने होईना. पुढच्या खेपेला रेश्माने तिला नळी हातात घेऊन हॉलच्या दाराशी पकडलं. शेवटी त्याने तिला सांगितलं की हे पाणी साधं नाही, रामेश्वरहून आणलेलं आहे. त्यात नळाचं पाणी मिसळलं तर पाप लागतं.

"मग आधी का न्हाय सांगितलंस?" पारूबाई म्हणाली, आणि तिने त्या दिवसापासून पेटीला हात लावला नाही.

म्हणजे पाणी घालायला लावला नाही. सोमवारी सकाळी ती आंघोळ करून टाकीला हळदकुंकू वाहू लागली. उदबत्तीची राख पाण्यात पडू नये म्हणून मृत्युंजयला टाकी एका बाजूने वरून झाकावी लागली. मग ती पळीने पाणी काढून येणाऱ्या-जाणाऱ्याला तीर्थ देऊ लागली. माशांनी घाण केलेलं, औषधं घातलेलं ते पाणी लोक डोळे मिटून पीत होते, आणि मृत्युंजय शेजारी उभा राहून काही बोलू शकत नव्हता, कारण बोलला तर नळी परत आली असती. फक्त हळूच सांगायचा, "ओठाला लावा, पुरे." जोतिरामही एकदा प्यायले. जिन्यात मला म्हणाले, "चव ओळखीची वाटली."

हे फार दिवस चालणं शक्य नव्हतं. घरचं तीर्थ एवढं गुणाचं, तर मूळ जागा बघायचीच, असं पारूबाईने काढलं. मृत्युंजयला रजा टाकून तिला रामेश्वरला न्यावं लागलं. टाकीचं काय करायचं म्हणून त्याने जाण्याआधी रेश्माला दोन दिवस शिकवलं. कुठली चावी कधी, कुठला कप्पा कसा धुवायचा, खाणं किती. तिने सगळं ऐकून घेतलं. तो गेल्यावर तिने एसी लावला, दार लोटलं आणि दुपारी मनसोक्त झोपली.

रामेश्वरला त्याने खारटपणा मोजायचं यंत्र बरोबर नेलं होतं. आईने समुद्रात स्नान केलं, हात जोडले. याने समुद्राचं पाणी यंत्रात घातलं आणि उजेडात धरलं. आल्यावर त्याने मला गंभीरपणे सांगितलं की तिथं आकडा जरा इकडेतिकडे आहे, आपल्याकडचा बरोबर बसतो.

घरी टाकीतलं पाणी मात्र इतकं नितळ होतं की तो दारातच थांबला. दोन नारिंगी माशांनी दगडाला अंडी चिकटवली होती आणि आळीपाळीने त्यांना वारा घालत होते.

"काय केलंस?" त्याने रेश्माला विचारलं.

"काही नाही. चिमूटभर खाणं घातलं. बाकी हात लावला नाही."

त्याच संध्याकाळी त्याने आम्हाला सगळ्यांना बोलावलं, अंडी दाखवली आणि सांगितलं की सिस्टीमच अशी बांधली आहे, तिला हात लावावाच लागत नाही. हे सांगताना त्याची एक बाही दंडापर्यंत वर केलेली होती, आणि टाकीच्या काठाशी पोचलेलं त्याचं मनगट रेश्माने धरून ठेवलं होतं.